लॉकर कुणाच्या नावावर?

प्रिय 'गोंधळलेली नवरी',

तुझं पत्र दोनदा वाचलं. डिसेंबरात लग्न आहे. तुला ते नोंदणी पद्धतीने हवंय, निदान कन्यादान तरी नको. होणारा नवरा म्हणतो, विधी सगळे व्हायला हवेत. बॅबिलोन घ्या नाहीतर ग्रीस, जुन्या काळी सगळीकडे बापच मुलगी द्यायचा, मग आपल्यालाच लाज कसली? त्याने पाठवलेले लेख वाचून तुझी झोप उडालीय आणि तू विचारतेस, "ताई, हजारो वर्षांचं मोडणारी मी कोण?" तीन पानं हाच वाद. चौथ्या पानावर जाता जाता चार वाक्यं: "बाकी सासरचे फार चांगले आहेत. दागिने पहिल्याच रात्री सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवायचं ठरलंय, आजीच्या पाटल्यासुद्धा. हा असल्या बायकांच्या गोष्टींत पडत नाही. माझीही त्याबद्दल काही तक्रार नाही."

माझी आहे.

कन्यादानाचं आधी उरकते. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7: सप्तपदीने होणारं लग्न सातव्या पावलाला पूर्ण होतं. कन्यादानाचा तिथे उल्लेखही नाही. करा, नाहीतर गाळा. दोघं बसून ठरवा. त्यापायी झोप घालवू नकोस.

आता लॉकर. तुझ्या नवरदेवाला जुन्या संस्कृतींचा एवढा पुळका असेल, तर त्याने त्या पुरत्या वाचाव्यात. बाप मुलगी द्यायचा हे खरंच. पण तिच्याबरोबर काय दिलं, हेही तो विसरायचा नाही. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला. त्याच्या कायद्याचा काळा दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे. त्यातलं कलम 138 सांगतं, मूल न झालेल्या बायकोला सोडायचं असेल तर तिने माहेराहून आणलेलं सगळं परत करून मगच सोडा. अथेन्समध्ये तर बायकोला स्वतःचा मोठा व्यवहारही करता यायचा नाही, सगळं पुरुषाच्या हातात. तरीही घटस्फोटानंतर नवऱ्याने हुंडा परत केला नाही, तर त्यावर वर्षाला 18 टक्के व्याज चढायचं. हे बायकांच्या प्रेमापोटी होतं असं समजू नकोस. सासऱ्याला आपला पैसा बुडायला नको होता, एवढंच. पण हिशेब चोख होता.

मला सगळ्यांत आवडतो तो नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावरचा एक करार. इसवी सनापूर्वी 449 मधला, पपायरसवर लिहिलेला. आता ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. नवरी तामुत ही कुणाच्या तरी घरची दासी. तिच्याकडे असून असून काय असणार? एक लोकरीचं वस्त्र, एक आरसा, वहाणांचा एक जोड, ओंजळी मोजून थोडं तेल. पण एकेक वस्तू लिहिलेली आहे. वस्त्राची किंमत लिहिलेली आहे. आरशाची किंमत लिहिलेली आहे. लग्न मोडलं तर तिने हातातून आणलेलं सगळं, काडीपासून सुतापर्यंत, ती घेऊन जाईल, अशी या बेटावरच्या करारांची भाषा. मोडायचा हक्कही दोघांना होता. एका दासीच्या आरशाची नोंद होते, आणि तू इंजिनिअर असून आजीच्या पाटल्या किती तोळ्यांच्या आहेत हे चार पानांत कुठे लिहिलेलं नाहीस. ठाऊक तरी आहे का?

आपल्याकडचं हवं असेल तर मनुस्मृती उघडायला सांग त्याला. बाईला ऐकून घ्यावं लागेल असं त्यात पुष्कळ आहे, पण नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे, म्हणजे बाईच्या स्वतःच्या मालकीच्या धनाचे, सहा प्रकार मोजलेत, आणि तिसऱ्यात म्हटलंय की जे नातेवाईक मोहाने स्त्रीधनावर जगतात ते अधोगतीला जातात. हा श्लोक त्याच्या लेखांत आला नसावा.

आजचा कायदाही याच बाजूचा आहे. स्त्रीधन तुझं एकटीचं, नवऱ्याबरोबरच्या सामाईक मालकीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. खटला केरळचा. पहिल्याच रात्री नवऱ्याने दागिने घेतले आणि सांभाळायला आपल्या आईकडे दिले, ते पुढे त्यांच्या देण्यांत गेले, अशी त्या बाईची तक्रार. तिला 25 लाख रुपये देण्याचा आदेश झाला. पण लग्नानंतर वीस वर्षांनी, बाई.

तुझी सासू वाईट आहे असं मी म्हणत नाही. मनापासून सांभाळूनही ठेवतील. पण उद्या त्यांच्या धाकट्याला दुकानासाठी पैसे कमी पडले, तर त्या लॉकरची किल्ली तुझ्या हातात नसेल, आणि कुठला दागिना कुणाचा याचा कागदही नसेल. तेव्हा तक्रार असून उपयोग काय?

म्हणून एकच काम सांगते. यादी कर. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली 1985 पासून तसा नियमच आहे: नवरीला मिळालेल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, त्याचं नातं, आणि खाली वधूवर दोघांच्या सह्या. यादी राहते नवरीकडे. आपल्याकडे याद्यांच्या दिवशी कुणाला किती साड्या, कुणाचा मानपान काय, वरात कुणाच्या खर्चाने, हे हळदीकुंकू लावून लिहितात. नवरीचं सोनं तेवढं त्यात नसतं. नव्या दागिन्यांवरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कबरोबरचा त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक, उतरवून घे. पाटल्यांवर तो असणार नाही, त्या सराफाकडे नेऊन वजन करून चिठ्ठी घे, फोटो काढून ठेव. आणि तुझ्या पगाराच्या बँकेत तुझ्या नावाने लॉकर घे. सासूबाईंना गोड बोलून सांग, "आई, माझ्या बँकेत लॉकर मिळाला, तुम्हाला त्रास नको." फुगल्या तर फुगू देत, दिवाळसणापर्यंत उतरेल.

राहिला तो, बायकांच्या गोष्टींत न पडणारा. यादीवर त्याची सही लागते, म्हणजे पडावंच लागेल. हे तू पत्रात कौतुकाने लिहिलंस, मला त्यात कौतुक दिसलं नाही. कन्यादानासाठी बॅबिलोनपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला लॉकरपर्यंत यायला जड का जावं? यादी त्याच्यापुढे ठेव, पेन दे. हसत सही केली तर विधींचा वाद मिटवणं अवघड नाही. "आईला विचारून सांगतो" म्हणाला, तर पत्रिका छापायला टाकू नकोस आणि मला लगेच कळव.

तुझी,
ताई