लाइव्ह लूपिंगसाठी लॅपटॉप घ्यावा की लूप पेडल?

लाइव्ह लूपिंग म्हणजे वाजवलेला तुकडा मंचावरच ध्वनिमुद्रित करून पुन्हापुन्हा वाजत ठेवणे आणि त्यावर पुढचे वाजवणे-गाणे. आपण गिटार वाजवत एकट्याने गाता आणि नागपुरातल्या लॉनवरच्या कार्यक्रमांसाठी विचारता आहात, म्हणून माझे स्पष्ट मत पेडलच्या, म्हणजे पायाने दाबून हे काम करणाऱ्या यंत्राच्या, बाजूने आहे. लॅपटॉपमध्ये ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल) २५६ सॅम्पलचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, ठेवला, तर केवळ एका दिशेने (आवाज आत येताना किंवा बाहेर जाताना) सुमारे ५.३ मिलिसेकंद विलंब होतो. बफर कमी केला की प्रोसेसरवरचा ताण वाढून आवाजात खरखर येऊ लागते. त्यात मे महिन्यात दिवसभर तापलेल्या मंचावर, संध्याकाळीसुद्धा, लॅपटॉप गरम होऊन मंदावतो. माझा एक कार्यक्रम असाच मध्येच थांबला होता, आणि तो सल अजून आहे.

पेडलवर पहिल्या दाबाला ध्वनिमुद्रण सुरू होते आणि दुसऱ्या दाबाला ते थांबून लूप वाजू लागतो. तो दुसरा दाब नेमका समेवर पडला नाही, तर पुढचे प्रत्येक आवर्तन लंगडते, त्यामुळे पायाचा रियाज वेगळा करावा लागतो. अनेक ट्रॅक स्वतंत्रपणे हाताळायचे असतील, तर मात्र एबलटन लाइव्हसारखे लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर सरस ठरते. बॉस कंपनीचे आरसी-५०५ हे पाच ट्रॅकचे लूपिंगचे यंत्र हाताने चालवायचे आहे. गिटार वाजवताना हात मोकळे नसतात, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.