पाठीला दार नसलेली गिटार: जॅकचा नट ढिला होत असेल तर

आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ अंगाच्या) इलेक्ट्रिक गिटारचा जॅक, म्हणजे केबल खोचायचे तोंड, ढिला होतो, केबल जरा वळवून धरली की गेलेला आवाज परत येतो, आणि दुकानदार मात्र दोन्ही पिकअप (तारांचे कंपन टिपणारे भाग) बदलायला सांगतो, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचताना २०१७ चा माझा पावसाळा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला, म्हणून हे उत्तर जरा लांबले तरी लिहितो. मी गिटार दुरुस्त करणारा कारागीर नाही. २०१६ पासून एकाच सेमी-हॉलोचा मालक आहे, आणि मालकाला करता येण्याजोग्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत. माझ्या गिटारच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झाले त्यात वाद्याचा दोष फारच थोडा होता.

पिकअप बदलू नका. निदान अजून तरी नाही. हम्बकर पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची दोन वेटोळी. त्यात हलणारा भाग नसतो आणि तो सहसा मरत नाही. त्यातून दोन पिकअप एकाच वेळी मेले, आणि केबल वळवली की दोन्ही जिवंत झाले, यावर माझा विश्वास बसत नाही. दोघांचा आवाज एकदम जातो तेव्हा दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे स्विच, जॅक किंवा केबल यांच्यात शोधायचा असतो. केबल तुम्ही बदलून पाहिली असेलच, असे धरून पुढे लिहितो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा, कारण ती दोष नसून वायरिंगची रीत आहे. पिकअप निवडायचा टॉगल स्विच मधल्या स्थितीत, म्हणजे दोन्ही पिकअप चालू, असताना दोनपैकी एक व्हॉल्यूम शून्यावर नेला, तर नेहमीच्या वायरिंगमध्ये दोन्ही पिकअपचा आवाज बंद होतो. चार बटणांच्या गिटारवर नवा असलेला माणूस यामुळे हमखास घाबरतो. मीही घाबरलो होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुमच्या गिटारची घडण ज्या नमुन्यावर बेतलेली दिसते, ती ईएस-३३५ ही गिटार गिब्सन या अमेरिकी कंपनीने १९५८ साली बाजारात आणली. टेड मॅकार्टी तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात ॲम्पसमोर (ध्वनिवर्धकासमोर) घोंगावू लागत असे, आणि भरीव गिटारमध्ये तो पोकळ गोडवा सापडत नव्हता. यावरचा तोडगा असा, की सोळा इंच रुंद आणि सुमारे पावणेदोन इंच जाड अशा अंगात मधोमध मेपलचा एक भरीव ठोकळा बसवायचा आणि दोन्ही बाजूंचे पंख तेवढे पोकळ ठेवायचे. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजचे खांब त्या ठोकळ्यात उतरतात, त्यामुळे स्वर लांबतो आणि घोंगावणे आटोक्यात राहते. वरचे लाकूड प्लायचे आहे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील; त्यांना सांगा की १९५८ सालीही ते पातळ थरांचेच होते.

हे सगळे कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळते. जे वाचायला मिळत नाही ते असे, की या गिटारला पाठीमागे दार नसते. पुष्कळ भरीव गिटार उलट्या करून मागचे स्क्रू काढले की प्लॅस्टिकचे झाकण निघते आणि सगळे वायरिंग समोर येते. सेमी-हॉलोची पाठ सहसा सलग असते. चारही पॉट (बटणांखालचे फिरते भाग), स्विच आणि जॅक हे सर्व कारखान्यात एफ आकाराच्या छिद्रातून आत सरकवलेले असतात आणि बाहेर काढायचे तर त्याच वाटेने काढावे लागतात. काही गिटारमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपखालचा ठोकळा कापलेला असतो, तिथे ती वाट थोडी सोपी होते. घेताना मला हे कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नसता.

माझी चूक अशी झाली. जॅकचा नट ढिला वाटला की मी पकड घेऊन तो बाहेरून आवळत असे. जून ते ऑगस्ट या काळात असे सात-आठ वेळा केले असेल. नट फिरत होता, म्हणून घट्ट होतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात नटाबरोबर आतला अख्खा जॅक फिरत होता आणि त्याला जोडलेल्या दोन वायरींना प्रत्येक वेळी एकेक पीळ पडत होता. गणपतीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर अर्थिंगची वायर तुटली आणि मंडपातल्या स्पीकरमधून असा काही घोंघाट निघाला की ध्वनिवाल्याने धावत येऊन माझी केबलच उपटली. इथपर्यंतही ठीक होते. घरी येऊन मी 'जरा आत पाहू या' म्हणून नट पूर्ण काढला. टक् असा बारीकसा आवाज झाला आणि जॅक गिटारच्या पोटात पडला. पुढचा तासभर मी मातीच्या गल्ल्यातून नाणे काढावे तशी ती गिटार उलटी धरून हलवत बसलो होतो, आणि दुसरी वायर शाबूत असल्यामुळे जॅक छिद्रापाशी येऊन दर वेळी मागे सरकत होता.

त्यानंतर जे झाले त्याची आठवण मला अजूनही त्रास देते. गिटार वॉरंटीत होती, म्हणून ज्यांच्याकडे वॉरंटीचे काम होते त्या कार्यालयाला मी लिहिले. त्यांच्या अर्जात पावती, अनुक्रमांक आणि 'मागील झाकण उघडून काढलेले अंतर्गत भागांचे छायाचित्र' या तीन गोष्टी अनिवार्य होत्या. पहिल्या दोन दिल्या आणि तिसरीबद्दल नम्रपणे कळवले, की या प्रकारच्या गिटारला मागील झाकण नसते. उत्तर आले की अर्ज अपूर्ण आहे. मी पाठीचे, म्हणजे नुसत्या गुळगुळीत लाकडाचे, छायाचित्र पाठवले. उत्तर आले की छायाचित्रात झाकण उघडलेले नाही. हा पत्रव्यवहार पाच आठवडे चालला. शेवटी फोनवर एका गृहस्थांनी गिटार सुचवलेल्या दुरुस्ती केंद्रात नेण्याची परवानगी दिली. तिथे ती आणखी सात आठवडे पडून राहिली, आणि 'संपूर्ण वायरिंग व दोन्ही पिकअप बदलणे आवश्यक' असा अंदाज हाती आला, ज्यातील रक्कम गिटारच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळपास होती. मी नकार देऊन गिटार परत आणली, तेव्हा एफ छिद्राच्या कडेचा रंग दोन ठिकाणी उडालेला होता. म्हणजे कोणीतरी आत पकड घालून ओढाताण केली होती. तुटलेली वायर मात्र तशीच होती. सगळे दुकानदार असे असतात असे माझे म्हणणे नाही, परंतु 'दोन्ही पिकअप बदला' हे वाक्य तुमच्या लेखनात पुन्हा दिसले आणि म्हणूनच मी लिहायला बसलो.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधी चाचणी करा. केबलचे एक टोक गिटारमध्ये घाला, सगळी बटणे पूर्ण उघडी ठेवा आणि मल्टिमीटर वीस किलोओहमवर लावून त्याची एक सुई केबलच्या दुसऱ्या टोकाच्या अग्राला व दुसरी मागच्या दांड्याला टेकवा. स्विच एका पिकअपवर असताना साधारण सात ते नऊ किलोओहम आणि मधल्या स्थितीत त्याच्या जवळपास निम्मे दिसले, तर दोन्ही पिकअप ठणठणीत आहेत. आता एका हाताने प्लग हळूहळू वळवा. आकडा उड्या मारू लागला किंवा मीटर खंडित मंडल दाखवू लागला, तर दोष जॅकमध्ये किंवा त्याच्या वायरींत आहे. माझ्या तुटलेल्या वायरचे निदान तीनशे रुपयांच्या मीटरने दोन मिनिटांत झाले असते. ते मी तीन महिन्यांनी केले.

वायर अजून तुटली नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून ती तुटलेली नसावी, तर गिटार उघडण्याची गरजच नाही. मोबाइलचा दिवा एफ छिद्रातून आत टाका, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा तिरका धरा आणि नट बोटाने किंचित फिरवून जॅक आत फिरतो का ते पाहा. फिरत असेल तर जितका पीळ पडला असेल तितका आधी उलटा सोडवा. मग जॅकच्या भोकात घट्ट बसेल अशी जाडसर ॲलन की घालून, ती एका बाजूला दाबून जॅक स्थिर धरा आणि नट पान्याने आवळा. पकडीने नव्हे, पकड नटाचे कोपरे खाते आणि निसटली की वरच्या रंगावर ओरखडा काढते. फार जोरही लावू नका, कारण जॅक ज्यावर बसलेला असतो ते प्लाय पातळ असते आणि दबून चिरू शकते. जॅक आणि लाकूड यांच्यामध्ये आतून दातेरी वॉशर असावा लागतो. माझ्या गिटारमध्ये तो नव्हताच, आणि नट पुनःपुन्हा ढिला होण्याचे खरे कारण तेच होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो चहाच्या पैशांत मिळाला.

जॅक आत पडलाच, किंवा वॉशर घालण्यासाठी तो काढावाच लागला, तर माशांच्या टाकीत हवा सोडायची मऊ नळी हातभर घ्या. ती गिटारच्या अंगाला जॅकसाठी असलेल्या भोकातून बाहेरून आत सरकवून एफ छिद्रातून बाहेर काढा, तिचे टोक जॅकच्या तोंडात घट्ट बसवा आणि दुसऱ्या टोकाने सावकाश ओढा. जॅक आपोआप आपल्या जागी येतो, नळी न काढता तिच्यावरूनच बाहेरचा वॉशर आणि नट ओवता येतो. नळी सैल पडली तर तिच्या टोकात उदबत्तीची काडी घालून ती फुगवावी. सगळे वायरिंग बाहेर काढण्याची वेळ आली, तर प्रत्येक पॉटच्या दांड्याला तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधून मगच तो आत ढकला, आणि कोणता तंगूस कोणत्या भोकाचा हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. सोल्डरिंग करताना गिटारवर जुनी चादर घाला, कारण शिशाचा एक थेंब रंगावर पडला तर तो डाग जन्मभर सोबत करतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर तेवढे काम रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाकडून करून घ्या. माझे काम ठाण्यात अशाच एका गृहस्थांनी पाऊण तासात केले, आणि त्यांनी त्यापूर्वी गिटार हातात धरलेली नव्हती.

इतके सोसूनही ही गिटार तुम्ही ठेवावी की विकावी, असेही तुम्ही विचारले आहे. माझे मत पूर्णपणे एकतर्फी आहे: ठेवा. रात्री ॲम्प न लावता सराव करताना ती भरीव गिटारपेक्षा बरीच मोठ्याने ऐकू येते आणि तरीही शेजारी उठत नाहीत, हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला लहान फायदा नाही. नेकजवळचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअप लावून, व्हॉल्यूम सहा-सातवर आणून हलक्या हाताने वाजवली की स्वराच्या सुरुवातीला जो लाकडी उसासा ऐकू येतो, तो मला इतर कोणत्याही गिटारमध्ये मिळालेला नाही. गैरसोयीही आहेत. सोळा इंचांचे अंग नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिशवीत मावत नाही, आणि लोकलच्या गर्दीत ती केस म्हणजे आणखी एक प्रवासीच. ॲम्पच्या अगदी समोर उभे राहून आवाज वाढवला तर ठोकळा असूनही ती घोंगावते. दोन पावले बाजूला सरका, नाहीतर छिद्रांत स्पंज बसवा. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाने गिब्सनने १९८० साली काढलेल्या ल्युसिल या गिटारला याच कारणासाठी एफ छिद्रे ठेवलेलीच नाहीत, म्हणजे ही तक्रार तुमच्या-माझ्यापुरती नाही.

पावसाळ्याबद्दल एवढेच, की प्लायचे अंग दमटपणा बऱ्यापैकी सोसते, पण नेक थोडी हलते आणि स्विच, जॅक यांच्या पात्यांवर गंज धरतो. सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये ठेवा, गिटारच्या पोटात टाकू नका; एक पुडी माझ्या गिटारमध्ये अजूनही आहे. स्विच खरखरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर वापरा, बिजागऱ्यांवर मारायचा तेलकट फवारा नव्हे.

नट आवळण्यापूर्वी ती मल्टिमीटरची चाचणी करा आणि तीनही स्थितींमधले आकडे इथे लिहा, शिवाय प्लग वळवताना त्यातला कोणता उडतो तेही. आकडे पाहिल्याखेरीज दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. दिली असेल तर पावतीवर 'जुने पिकअप ग्राहकाला परत' असे लिहून घ्या.