कयाक आणि गळ: सुरुवात तलावात करावी की नदीत?

तुम्ही विचारलंय की पोहता येतं, पण होडी कधी वल्हवलेली नाही. कयाक शिकून पुढे तिच्यातूनच गळ टाकायचा आहे, तर सुरुवात तलावात करावी की नदीत?

तलावात. आणि पहिले चार-पाच दिवस गळाची काठी घरीच राहू द्या. तोल, वल्हं आणि गळ एकदम शिकायला गेलं की तिन्ही अर्धवट राहतात.

नवा माणूस दंडाच्या जोरावर वल्हवतो आणि अर्ध्या तासात त्याचे खांदे भरून येतात. पातं पावलांच्या जवळ पाण्यात घाला, कमरेतून वळा आणि ते कमरेशी आलं की बाहेर काढा. त्यापुढे मागे ओढत नेलं तर कयाकचं तोंड फिरत राहतं, अंतर कापलं जात नाही. डोकं कयाकच्या मधोमध ठेवा. पाण्यात पडलेली वस्तू उचलायला माणूस कडेबाहेर वाकतो, तेव्हाच बहुतेक वेळा कयाक उलटते.

काठाजवळ, कुणीतरी सोबत असताना, ती मुद्दाम उलटून बघा. परत चढता येतं का, हे तिथेच कळलेलं बरं. लाइफ जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर पट्टे आणखी आवळा. पोहता येतं म्हणून ते काढून ठेवू नका. गार पाण्यात अचानक पडलं की पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही.

तलावात खरी भीती वाऱ्याची. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परतताना तोच वारा पाठीशी असतो. नवखे नेमकं उलटं करतात: वाऱ्यासोबत मजेत लांब जातात आणि मग काठ जवळच येत नाही.

नदीत उतरायचं ते पाणी वाचायला शिकल्यावर. आधी काठावर बसून तासभर नुसती धार बघा, मला तर अजूनही त्याचा कंटाळा येत नाही. दोन खडकांमधून पाणी घुसतं तिथे पृष्ठभागावर व्हीसारखा आकार उमटतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर वाट सहसा मोकळी असते. टोक वरच्या अंगाला, म्हणजे तुमच्याकडे असेल, तर त्याच्या खाली खडक आहे असं समजा. खडकाच्या मागे मात्र पाणी थांबल्यासारखं होतं, कधी उलटंही वाहतं. कयाकवाले त्याला एडी म्हणतात. दम घ्यायची जागा तीच.

सुरुवातीच्या एका फेरीत माझी कयाक आडवी होऊन खडकाला टेकली. घाबरून मी खडकापासून दूर कलले. वरून येणारं पाणी त्या कडेवर चढलं आणि पुढच्या क्षणी मी पाण्याखाली. खडकाकडे कलायला हवं होतं, त्याला मिठी मारल्यासारखं. मग वरची कड उचललेली राहते आणि पाणी खालून निघून जातं. धारेत पडलात तर उताणे व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. जोराच्या धारेत उभं राहायला बघू नका; पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की पाणी वरून दाबून धरतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

एका बाबतीत मी फार कडक आहे: बुटका बंधारा. वरून तो फक्त एक सरळ, गुळगुळीत रेघ दिसतो. खाली पाणी जागच्या जागी गोल फिरत असतं आणि त्यात सापडलेल्याला लाइफ जॅकेट असूनही सोडत नाही. लांबूनच काठाला लागा आणि कयाक उचलून पलीकडे न्या.

आता मासे. तुम्ही जिथे दम घ्यायला थांबता, तिथेच मासाही थांबतो. धारेशी झगडण्यात ताकद जाते, म्हणून तो संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि शेजारच्या धारेतून येणारं खाद्य टिपतो. जलद आणि संथ पाणी जिथे भिडतं, तिथे फेसाची एक बारीक रेघ दिसते. आमिष त्या रेघेच्या वरच्या अंगाला टाका आणि वाहत येऊ द्या. तलावात पहाटे आणि तिन्हीसांजेला काठालगतच्या पाणवनस्पती बघा. कडक उन्हात बरेच मासे खोल पाण्यात जातात.

धारेत असताना कयाकच्या कडेला नांगर बांधू नका, ती आडवी ओढली जाऊन उलटते.

मासा सोडून द्यायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवत असतो. कल्ल्यांना बोट लावू नका. ओल्या तळव्यांत धरून पाण्याखाली ठेवा. आधी कल्ले हळूहळू उघडमीट करतात, मग शेपूट तळव्यावर आपटते. तेव्हा हात उघडा.