मंत्राने सुटलं तर ते रहस्य कसलं?

प्रश्न : मी कुमारांसाठी कादंबरी लिहितेय. सोळा-सतरा वर्षांच्या दोन मावसबहिणी मे महिन्याच्या सुट्टीत पन्हाळ्यावर आजीकडे येतात आणि आपल्याला जादू येते हे त्यांना तिथं कळतं. थोरलीचं गडावरच्या एका मुलाशी जुळतं. त्याच आठवड्यात एक मुलगी बेपत्ता होते. मैत्रीण विचारते, जादू येते तर त्या तिला सरळ शोधून का काढत नाहीत? सातव्या प्रकरणात अडकलेय. — एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : मैत्रिणीची शंका रास्त आहे. तिचं निरसन दुसऱ्या प्रकरणातच व्हायला हवं होतं. जादूला काय जमत नाही ते आधी ठरवा. समजा, वस्तू हातात घेतली की ती शेवटची हाताळणाऱ्याचा चेहरा थोरलीला दिसतो. फक्त चेहरा, जागा, वेळ, हेतू काहीच नाही. आणि त्यानंतर दिवसभर तिच्या जिभेची चव जाते. तांबडा रस्सा पाण्यासारखा लागतो, हे आजीच्या ताटावरच लक्षात येतं. जादूची किंमत अशी घरात दिसणारी हवी, नुसती चक्कर येऊन भागत नाही.

आता बेपत्ता मुलीच्या सायकलची किल्ली थोरलीच्या हातात द्या. चेहरा दिसतो तो त्याच मुलाचा. ती हे धाकटीपासून लपवते, आणि प्रेम व रहस्य एका गाठीत येतात. खुलासा मात्र आधीच पेरलेला हवा : चौथ्या प्रकरणात करवंदं घेताना तो वाटेत पडलेली किल्ली उचलून कठड्यावर ठेवतो. एकच वाक्य, आणि लगेच दोघांचं पहिलं भांडण. वाचकाचं लक्ष भांडणाकडे जातं, किल्ली विसरली जाते. हेच वाक्य प्रकरणाच्या शेवटी टाकलंत तर तिथंच सगळं फुटेल.

गड रात्री निर्जन दाखवू नका. पन्हाळ्यावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे. किंकाळी कुणीतरी ऐकणारच. गडावरची अंधारबाव ही जुनी वास्तू तीन मजली आहे, विहीर तळाशी. मे महिन्यात दिवसा पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा तिथला गुप्त प्रसंग भर दुपारी नको.

चंद्राचं गणितही सांभाळा. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, पुढे रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. संकष्टीला आजी उपास सोडायला चंद्राची वाट बघत अंगणात बसलेली असताना मुली मागच्या दारानं निघाल्या, तर वाटेवर चांदणं नको.

एका बाबतीत हात आखडू नका. गाव आजीला चेटकीण ठरवतं, असा प्रसंग घेणार असाल तर तो गमतीचा करू नका. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार असा आरोप करून कुणाला छळणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अशा आरोपांनी खऱ्या बायकांचे हाल झाले आहेत. वाचकाला चीड यायला हवी.

प्रश्न : याच मुलींनी कोल्हापुरी बोलावं का?

उत्तर : जी कोल्हापुरात वाढली ती बोलेलच. इथल्या मुली सर्रास ‘मी येतो’, ‘मी गेलतो’ म्हणतात. तेवढं संवादात ठेवा, निवेदन प्रमाण भाषेत चालेल. प्रत्येक वाक्याला ‘व्हय’ आणि ‘लगा’ लावलंत तर सोंग वाटेल. हस्तलिखिताला मुद्रितशोधकासाठी तशी चिठ्ठी जोडा, नाहीतर ‘येतो’चं ‘येते’ होऊन छापून येईल.