किळस वेगळी, धोका वेगळा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : रोममध्ये एका नावाजलेल्या खाणावळीत वासराच्या आतड्यांचा पास्ता पानात आला. सुखवस्तू देशातले लोक असे पदार्थ हौसेने का खातात? (पुणे)

उत्तर : आज हौसेने खाल्ल्या जाणाऱ्या या पदार्थाचे मूळ मजुरांच्या चुलीवर आहे. रोमच्या तेस्ताच्चो भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा कत्तलखाना उभा राहिला आणि तो 1975 पर्यंत चालला. जनावराचे चार भाग करून चांगले मांस ऐपतदारांकडे जाई. उरलेला ‘पाचवा चतुर्थांश’, म्हणजे डोके, शेपटी, वजडी, आतडी आणि काळीज, तेथे राबणाऱ्यांच्या वाट्याला येई, पुष्कळदा मजुरीचाच भाग म्हणून.

तुम्ही पाहिलेला पदार्थ बहुधा ‘पयाता’ असावा. फक्त दुधावर असलेल्या वासराच्या लहान आतड्यात अर्धवट पचलेले दूध असते. ते मुद्दाम आतच ठेवतात, आणि शिजताना ते पनीरासारखे मऊ होऊन टोमॅटोच्या रश्श्याला दाटपणा आणते. गुरांच्या मेंदूला होणाऱ्या ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीमुळे 2001 मध्ये युरोपात गोवंशाच्या आतड्यांवर बंदी आली, तेव्हा रोमच्या स्वयंपाक्यांनी कोकराच्या आतड्यांवर भागवले. 2015 मध्ये नियम सैल झाला. यातली गंमत अशी की, ज्या काळात हा पदार्थ हलका समजला जाई त्या काळात त्याला बंदी नव्हती, आणि बंदी आली तेव्हा त्याचे चाहते सर्व थरांत होते.

सगळीकडे हे गरिबांचेच खाणे होते असेही नाही. डुकराचे मांस, काळीज आणि (पारंपरिक पद्धतीत) रक्त व्हिनेगरच्या आंबटपणात मुरवून केलेले सोरपोतेल गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला आणि लग्नाला मानाचे असते. याच नावाचा भाऊबंद पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्येही शिजतो.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या भाचीला स्कॉटलंडचे अस्सल हॅगिस मिळत नाही, असे ती सांगते. असे का? (ठाणे)

उत्तर : हॅगिसमध्ये मेंढीचे हृदय, काळीज आणि फुप्फुस बारीक करून ओटचे भरड पीठ, कांदा आणि चरबी यांसह पूर्वी मेंढीच्याच जठरात भरून शिजवत. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1971 पासून माणसाच्या अन्नात फुप्फुसे वापरण्यास मनाई केली आहे, कारण श्वासाबरोबर आलेली धूळ आणि कत्तलीच्या वेळी पोटातून वर आलेला ऐवज त्यांत अडकून राहू शकतो. स्कॉटलंडमध्ये मात्र ती बिनदिक्कत खाल्ली जातात, त्यामुळे ही काळजी मला काहीशी अतिरेकी वाटते.

प्रश्न : सूनबाईंना तिसरा महिना असून हिमोग्लोबिन कमी आहे. रक्त वाढावे म्हणून रोज बकऱ्याचे काळीज द्यावे का? (कराड)

उत्तर : रोज तर नाहीच, गरोदरपणात मी काळीज टाळण्याचाच सल्ला देईन. तुमची समजूत निराधार नाही. काळजात लोह भरपूर असते, आणि एका जीवघेण्या रक्तक्षयावर काळजाच्या आहाराने उपचार होऊ शकतो हे दाखवून देणाऱ्या व्हिपल, मायनट आणि मर्फी यांना 1934 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रोगात गुण देणारा घटक मात्र लोह नव्हे, बी 12 जीवनसत्त्व होते, हे पुढे उलगडले.

अडचण आहे ती अ जीवनसत्त्वाची. जनावर त्याचा साठा काळजातच करते. मेंढीच्या 100 ग्रॅम कच्च्या काळजात ते साधारण 7000 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्तही असू शकते. प्रौढांसाठी दिवसाची वरची सुरक्षित मर्यादा 3000 मायक्रोग्रॅम मानतात, आणि त्याचा अतिरेक गर्भाच्या घडणीत, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, दोष निर्माण करू शकतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना काळीज पूर्ण टाळायला सांगतात. ध्रुवीय अस्वलाच्या काळजात तर हा साठा इतका असतो की उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक, अस्वलाचे मांस खात असूनही, त्याच्या काळजाला हात लावत नाहीत.

पालक, गाजर किंवा भोपळ्यातल्या केरोटीनची अशी भीती नाही, कारण शरीर त्याचे गरजेपुरतेच अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. सूनबाईंना लोहाच्या गोळ्या कधीपासून आणि किती द्यायच्या, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : गावच्या जत्रेत बोकड कापल्यावर पाण्याच्या फोडांनी भरलेले काळीज निघाले. आम्ही ते कुत्र्यांना टाकून दिले. योग्य केले ना? (सांगोला)

उत्तर : नाही. हीच सवय मोडायला हवी. पांढुरक्या आवरणाचे, आत पाणी असलेले असे फोड बहुधा ‘हायडॅटिड’चे, म्हणजे एकायनोकॉकस या फीतकृमीच्या अळ्यांचे असतात. ते काळीज खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. कुत्र्याने ते खाल्ले की त्याच्या आतड्यात प्रौढ कृमी तयार होतात, विष्ठेतून त्यांची अंडी चारा, भाजीपाला आणि अंगणातल्या मातीत पसरतात, आणि ती पोटात गेली की माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच फोड वर्षानुवर्षे गुपचूप वाढत राहतो. कधी तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

असे काळीज किंवा फुप्फुस जाळावे, नाहीतर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरावे. कुत्र्यांना द्यायचे असलेले बाकीचे अवयवही निदान अर्धा तास उकळून मगच द्यावेत. पाळीव कुत्र्यांना जंताचे औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे, कारण जंताच्या सगळ्याच गोळ्या या कृमीवर चालत नाहीत.