सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आधारगटात येताय तर

ताई, सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी डिमेन्शियाच्या माणसांची घालमेल बहुधा वाढते, "घरी जायचंय" हा धोशा सुरू होतो. पहिल्या दिवशी अर्धा तास बसल्या तरी पुष्कळ झालं.

"ओळखलंत का, मी कोण?" असं त्यांना कुणी विचारणार नाही, हे बघा. आधी आपलं नाव सांगायचं, मग बोलायचं. हातांना मात्र काम द्या. आमच्याकडे कापूस ठेवलेला असतो. सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या आजी कापूस पिंजतात, बोटांना जरासं दूध लावतात आणि सुबक फुलवात वळतात. हाताच्या सवयी अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या एका प्रकारात, बऱ्याच उशिरा जातात. गाण्याचंही तसंच, शब्द चुकले तर दुरुस्त करू नका.

सांभाळणाऱ्यांची बैठक वेगळी असते, ती अजिबात चुकवू नका. अंघोळीला नकार, रात्रीचं जागरण, सगळ्यावर तोडगे तिथे मिळतात. "माझ्या पाटल्या तूच घेतल्यास" हे त्या नाही, आजार बोलतोय, हे दुसऱ्या सुनेच्या तोंडून ऐकलं की खरं पटतं. नणंदेलाही एकदा आणाच. लांबून सूचना देणाऱ्यांनी हे ऐकायलाच हवं.

घराजवळ गट नसेल तर डिमेन्शियासाठी १९९२ पासून काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेकडे चौकशी करा, किंवा ज्येष्ठांच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. येताना कपड्यांचा एक जोड घ्या आणि त्यांच्या बटव्यात तुमच्या नंबरची चिठ्ठी ठेवा.