वाचकांचे प्रश्न : बुरशी, किडी आणि झाडाची संजीवके

प्रश्न : मिरचीची नवी पाने गोळा होत आहेत. वाढ खुंटली असे वाटून जिबरेलिक आम्ल दोनदा फवारले. झाडे उंच झाली, पाने मात्र तशीच आहेत. मात्रा वाढवावी का?

उत्तर : अजिबात वाढवू नका. जिबरेलिक आम्ल हे जिबरेलिन गटातले संजीवक, म्हणजे झाडाची वाढ चालवणारे द्रव्य आहे. त्याने पेशी लांबतात, म्हणून पेरे लांबली. पान वळण्याचे कारण वेगळे आहे आणि ते सापडेपर्यंत कोणतेही संजीवक देऊ नका.

शेंड्याजवळचे पान तळहातावर ठेवून बघा. कडा वर उचलून पानाची होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे आहेत. शेंडा पांढऱ्या कागदावर चार-पाच वेळा झटका. मिलिमीटरभर लांबीचे, पिवळसर किंवा काळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून होडी पालथी पडली असेल, देठ लांबला असेल आणि पान अरुंद झाले असेल तर कोळी (माइट) शोधा. हा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, त्यामुळे दहापट भिंग लागतेच.

दोघेही कोवळ्या पानाच्या पेशींतला रस घेतात. इजा झालेल्या पेशी वाढत नाहीत, शेजारच्या निरोगी पेशी वाढत राहतात आणि या ओढाताणीत पान वळते. एकदा वळलेले पान पुन्हा सरळ होत नाही. औषध लागू पडले की नाही, हे नंतर फुटणाऱ्या पानांवरूनच ठरवा. जुन्या पानांकडे बघून फवारणीवर फवारणी केली तर मित्रकीटक तेवढे मरतात.

कोळी कीटक नव्हे. साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे भक्षक मेल्याने त्याचे फावते. त्यावर पाण्यात मिसळणारे गंधक लेबलवरच्या मात्रेत वापरा. तापमान 35 अंशांच्या वर असताना गंधकाने पाने करपतात, आणि तेलयुक्त फवारणी व गंधक यांत किमान दोन आठवडे अंतर हवे. फुलकिड्यांसाठी सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून फवारा.

किडे दिसत नाहीत, शिरा जाड झाल्या आहेत, पाने झुपक्याने येतात आणि झाड खुजे राहिले आहे, असे असेल तर पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू समजा. त्यावर उपाय नाही, असे झाड लवकर उपटा. चौथी शक्यता बऱ्याचदा सुटते. पाने दोरीसारखी अरुंद, शिरा जवळजवळ समांतर, खोडाला पीळ आणि हे सगळे वाऱ्याच्या एकाच बाजूला असेल तर 2,4-डी तणनाशकाचे तुषार उडून आलेत किंवा पंप नीट धुतलेला नव्हता. 2,4-डी हे कृत्रिम ऑक्झिन, म्हणजे वाढीच्या एका संजीवकाची नक्कल आहे. झाड स्वतःचे ऑक्झिन गरजेनुसार मोडते, हे मात्र सहज मोडता येत नाही. तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवा.

प्रश्न : जिबरेलिक आम्लाची पावडर पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. शिवाय मात्रा जास्त झाल्यास काय होते?

उत्तर : ही पावडर पाण्यात फार कमी विरघळते, अल्कोहोलमध्ये चटकन. 1 ग्रॅम पावडर 20 ते 30 मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा आणि मग पाणी ढवळत ते हळूहळू ओता. 10 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग), 50 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 20 पीपीएम. पाकिटावर शुद्धता 90 टक्के लिहिली असेल तर 1 ऐवजी 1.1 ग्रॅम घ्या. द्रावण लगेच वापरा, क्षारीय पाण्यात किंवा क्षारीय औषधात मिसळू नका, त्यात ते मोडते.

मात्रा जास्त झाली तर काय होते, हे भातावरच्या एका बुरशीनेच आधी दाखवले. तिची लागण झालेली रोपे फिकट, बारीक होऊन उंच वाढत आणि लोळत. जपानमध्ये या रोगाला ‘बाकानाए’, म्हणजे वेडे रोप, म्हणत. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी बुरशी वाढवलेले द्रव गाळून निरोगी रोपांना दिले, तर बुरशी नसतानाही रोपे तशीच उंचावली. बुरशी सोडते ते द्रव्यच कारण होते. त्याला पुढे 1935 मध्ये जिबरेलिन हे नाव मिळाले. फवारणीनंतर पेरे लांबली, पाने फिकटली, खोड वाकले, तर हेच ‘वेडे रोप’ तुम्ही तयार केले आहे. पुढची फवारणी थांबवा, झाडाला आधार द्या.

प्रश्न : मायकोरायझा घातला, फरक पडला नाही. बनावट असेल का?

उत्तर : असेलही, पण मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी बुरशी आहे, म्हणून आधी पीक कोणते ते बघा. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळांशी ही बुरशी जवळजवळ जोडली जात नाही, तिथे खर्च वाया जातो. दुसरे कारण स्फुरद (फॉस्फरस). मातीत स्फुरद कमी पडले की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन हे संजीवक बाहेर सोडतात, त्याने बुरशीचे धागे फांद्या फुटल्यासारखे पसरतात आणि मुळाला गाठतात. स्फुरदयुक्त खत भरपूर टाकले की मुळांकडून हा संदेशच मंदावतो. (पिकाच्या मुळावर जगणाऱ्या टारफुला या तणाचे बी याच संदेशावर उगवते, म्हणून तो नेमका यजमान पिकाच्या मुळाशीच येतो.)

मायकोरायझा वर पसरून उपयोग नाही, तो बियाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली किंवा रोपाच्या मुळांना टेकून पडला पाहिजे. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली असेल तर तेही कारण असू शकते.

प्रश्न : पान पूर्ण पिवळे झाले, पण नागअळीच्या खुणेभोवतीचा तेवढा भाग हिरवा राहिला. असे का?

उत्तर : नागअळी पानाच्या आत राहून ते पोखरते. सायटोकायनिन हे संजीवक पानाचे म्हातारपण लांबवते. नागअळीच्या जागी ते वाढलेले असते, त्यामुळे पान मरत असताना अळीभोवतीचा भाग जिवंत आणि पोसलेला राहतो. तांबेरा आणि भुरी या बुरशींभोवतीही असेच हिरवे ठिपके दिसतात. अशी गळालेली पाने झाडाखाली ठेवू नका, आतली अळी पुढची वाढ तिथेच पूर्ण करू शकते.